रातकिड्यांची शेती: प्रोटीनसाठी किडे पाळणं म्हणजे नक्की काय, आणि त्याचा हिशोब कुठे जुळतो

माझ्या मामेभावाचं बीड जिल्ह्यात रेशमाचं शेड आहे. मागच्या दिवाळीत तिकडे गेलो होतो, रात्री जेवणं झाल्यावर तो म्हणाला चल, शेवटचा पाला टाकून येऊ. शेडमध्ये शिरलो आणि वाटलं बाहेर पाऊस सुरू झाला की काय, पत्र्यावर बारीक सर पडते ना तसा आवाज. आकाश तर स्वच्छ होतं. तो आवाज अळ्या तुतीचा पाला खात होत्या त्याचा होता. शेवटच्या अवस्थेतल्या, बोटाएवढ्या, पांढऱ्याफटक, रॅकवर हजारोंनी, आणि भाऊ फांद्या अंथरत पुढे जायचा तोवर मागच्या फांदीवर अळ्या चढलेल्या असायच्या.

तिथे उभा असताना त्याला सहज विचारलं की कोष विकल्यावर आतल्या किड्याचं काय होतं? तो म्हणाला काय होणार, कोष उकळतात, धागा काढून घेतात, किडा उरतो. मग मी हिशोब मांडला. ओल्या कोषाच्या वजनात रेशमाचं कवच साधारण 20 टक्के, बाकीचा जवळजवळ 80 टक्के भाग आतला प्युपा. म्हणजे भाऊ बाजारात 100 किलो कोष नेतो तेव्हा त्यातले 80 किलो तर किडेच असतात, आणि तो किडा सुकवला तर त्यात निम्म्याहून जास्त प्रोटीन. इतकी वर्षं आपण मराठवाड्यात किडे पाळतोय, फक्त धाग्यासाठी पाळतोय म्हणून त्याला कोणी किड्यांची शेती म्हणत नाही इतकंच.

त्या रात्रीपासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. भरपूर वाचलं, आणि लोकांना सांगायला गेलो की दोनच गोष्टी ऐकू येतात, एक तर "शी, किडे कोण खाणार" किंवा मग "जगाचं भविष्य हेच आहे, किड्याला कचरा घाला आणि प्रोटीन काढा". मला दोन्ही अर्धवट वाटतात, आणि दुसरं तर जास्त धोक्याचं वाटतं कारण त्यावर लोकांचे पैसे बुडालेत. म्हणून जरा नीट सांगतो. पूर्ण लेखात एकच गोष्ट पकडून ठेवा, किड्याला काय खायला घालता आणि त्याला ऊब कोण देतं, हा धंदा पर्यावरणाला आणि खिशाला परवडणार की नाही ते यावरच ठरतं.

आधी किळसेचं बघू, म्हणजे ते मनातून जाईल. आपल्याकडे कोकणात, मुंबईत जवळा खातात. सुकवलेला जवळा, कांदा-लसूण टाकून परतलेला, भाकरीबरोबर. जवळा म्हणजे काय, इवलीशी कोळंबीसारखी जात, आणि ती आपण डोळे-पाय-कवचासकट अख्खी खातो. आता कोळंबी, खेकडा, रातकिडा, नाकतोडा हे सगळे एकाच मोठ्या कुळातले, संधिपाद म्हणतात त्यांना, म्हणजे पायांना सांधे असलेले आणि हाडं आत नसून कवच बाहेर असलेले प्राणी. ते कवच कायटीन नावाच्या पदार्थाचं, जवळ्यातही तेच आणि रातकिड्यातही तेच. बँकॉकला गेलो होतो तेव्हा रात्रीच्या बाजारात एका गाडीवर तळलेले रातकिडे घेतले होते, वर मीठ-मिरपूड आणि सोया सॉसचा फवारा. पहिला तोंडात टाकायला वेळ लागला हे खरं, पण चव म्हणाल तर कुरकुरीत परतलेला जवळा आणि भाजलेले शेंगदाणे यांच्या मधली.

आणि हे फक्त बाहेर होतं असंही नाही. बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चापडा चटणी आहे, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही लोक खातात, ओडिशातल्या सिमिलीपालच्या लाल मुंग्यांच्या चटणीला तर जानेवारी 2024 मध्ये जीआय टॅग मिळाला. आसामात एरी रेशमाचा प्युपा, ज्याला ते एरी पोलू म्हणतात, आवडीने खातात, तिथे कधी कधी धाग्यापेक्षा किड्यालाच जास्त मागणी असते. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, म्हणजे एफएओ, तिने 2013 मध्ये नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठाबरोबर एक मोठा रिपोर्ट काढला, त्यात जगात 1900 हून जास्त जातींचे किडे खाल्ले जातात असं म्हटलंय. त्याच रिपोर्टमधला "200 कोटी लोक किडे खातात" हा आकडा प्रत्येक लेखात असतो, पण तो जपून वापरा, नंतर याच क्षेत्रातल्या लोकांनी तपासला तेव्हा त्याला पक्का आधार सापडला नाही.

पण रानातून धरून खाणं वेगळं आणि शेती वेगळी. शेती बघायची तर थायलंडला जायला पाहिजे.

थायलंडचा ईशान्य भाग, त्याला इसान म्हणतात. कोरडा, पावसावर अवलंबून, एकच भाताचं पीक, तरुण मुलं कामाला बँकॉकला, वर्णन ऐकून मला आपलाच कुठलातरी तालुका वाटला. तिथले लोक आधीपासून किडे खायचे. 1970 च्या दशकात तिकडे मक्यावर टोळ पडायला लागला, आणि गंमत बघा, त्या टोळाचं इंग्रजीतलं नाव आहे बॉम्बे लोकस्ट. विमानाने औषध फवारून बघितलं, आटोक्यात येईना, मग 1978 ते 1981 च्या सुमारास सरकारनेच लोकांना सांगायला सुरुवात केली की धरा आणि खा. लोकांनी इतकं मनावर घेतलं की तळलेला टोळ बाजारात हातोहात जायला लागला आणि टोळाचा त्रास मोठा राहिला नाही.

पुढे 1998 च्या आसपास खोन केन विद्यापीठाच्या कीटकशास्त्राच्या लोकांनी रातकिडे पाळायची साधी पद्धत शेतकऱ्यांना शिकवली. पंधराएक वर्षांत तिथे साधारण 20,000 शेतकरी रातकिडे पाळायला लागले आणि वर्षाला सरासरी 7,500 टन माल निघायला लागला, हे आकडे एफएओच्याच 2013 च्या रिपोर्टमधले. कंपन्या नाहीत, बहुतेक घरामागची शेडं.

ते शेड कसं असतं ते सांगतो. वर पत्रा किंवा गवताचं छप्पर, बाजू मोकळ्या. खाली सिमेंटच्या विटांचे बुटके हौद, गुडघ्यापेक्षा थोडे वर, दोन-अडीच मीटर लांब. हौदाच्या आतल्या काठाला वरच्या बाजूने गुळगुळीत चिकटपट्टी लावलेली असते कारण रातकिड्याला गुळगुळीत पृष्ठभागावर चढता येत नाही. वरून निळी नायलॉनची जाळी, सरडे-पाली आत जाऊ नयेत म्हणून. आणि आत काय, तर अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे, उभे, एकाला एक लागून. हे ट्रे म्हणजे रातकिड्यांची बिल्डिंग, त्या खाचाखोचांमुळे तेवढ्याच जागेत कितीतरी पट किडे राहतात आणि एकमेकांपासून लपतात. लपायला जागा नसली, पाणी कमी पडलं किंवा गर्दी झाली की ते एकमेकांनाच खातात, म्हणून ट्रे फार महत्त्वाचे. पाण्याच्या ताटलीत खडे टाकून ठेवतात, नाहीतर नुकती निघालेली पिल्लं, मुंगीपेक्षा लहान असतात ती, थेंबात बुडून मरतात.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शेतकऱ्याचं घड्याळ. रातकिड्यांमध्ये फक्त नर किरकिर करतो, आणि तीही मोठा झाल्यावर, पंख आल्यावर, पुढचे दोन पंख एकमेकांवर घासून. त्यामुळे महिनाभर हौद गप्प असतो आणि एके दिवशी किरकिर सुरू होते, की शेतकऱ्याला कळतं माल वयात आला. मग वाडग्यात वाळू आणि भाताचं जळालेलं तूस ओलं करून हौदात ठेवायचं, माद्या त्यात टोचून अंडी घालतात, वाडगा उचलून दुसऱ्या हौदात न्यायचा, आठ-दहा दिवसांत तिथे नवी पिल्लं. आणि जुन्या हौदातला माल 45 दिवसांच्या आसपास काढायचा, ट्रे उचलायचा आणि झटकायचा, झालं. काढण्याआधी काही दिवस कोंबडीखाद्य बंद करून लाल भोपळा, कसाव्याचा पाला, कलिंगड असं काहीतरी देतात, त्याने पोट साफ होतं आणि चव सुधारते. मग उकळायचे, किंवा गोठवायचे, आणि बाजारात.

आता वर एक शब्द सहज येऊन गेला तो परत वाचा. कोंबडीखाद्य. म्हणजे मका, सोयापेंड, फिशमील (वाळवून दळलेली मासळी), तेच जे पोल्ट्रीत जातं. थायलंडच्या शेतकऱ्याचा सगळ्यात मोठा खर्च हाच आहे, आणि या शेतीमुळे पर्यावरणावर जो भार पडतो त्यातलाही मोठा वाटा याच खाद्याचा आहे. मग फायदा नक्की कुठे आहे?

फायदा समजायचा तर गुराचं आणि किड्याचं शरीर शेजारी ठेवा. गाय, डुक्कर, कोंबडी, आपण, सगळे गरम रक्ताचे, खाल्लेल्या अन्नातला बराच भाग नुसतं अंग गरम ठेवण्यात जातो, थंडीत जास्तच. किडा थंड रक्ताचा, बाहेर जेवढी उष्णता तेवढंच त्याचं अंग गरम, त्यासाठी तो अन्न जाळत नाही, खाल्लेलं वाढीला लागतं. एफएओच्या रिपोर्टमधले आकडे असे, जिवंत वजन 1 किलो वाढायला रातकिड्याला 1.7 किलो खाद्य लागतं, कोंबडीला 2.5, डुकराला 5 आणि गुरांना 10. त्यात भर म्हणजे रातकिड्याचा 80 टक्के भाग खाता येतो, कोंबडी-डुकराचा 55, गुराचा 40. भागाकार केला की खाण्यायोग्य 1 किलोमागे रातकिड्याला दोन किलोच्या थोडं वर खाद्य, कोंबडीला साडेचार, आणि बीफला 25 किलो. पाणी आणि जमीनही त्याच प्रमाणात वाचते कारण मुळात खाद्यच कमी पिकवावं लागतं.

हे आकडे सगळे लेख देतात आणि इथेच थांबतात. मी थांबणार नाही, कारण यात कोंबडीवर थोडा अन्याय झालाय. 2.5 हा कोंबडीचा आकडा जुना आहे, आजची ब्रॉयलर कोंबडी 1.6-1.7 किलो खाद्यात 1 किलो वजन धरते, आपल्याकडच्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला विचारा. आणि आपल्याकडे कोंबडीचा 55 टक्केच भाग खातात असंही नाही, काळीज-पेटासकट 70 टक्के तर सहज जातो पातेल्यात. असा हिशोब केला तर कोंबडी सव्वादोन-अडीच किलोवर येते, म्हणजे रातकिड्याच्या अगदी शेजारी. गुरांच्या तुलनेत किडा कितीतरी पुढे, यात वादच नाही. पण भारतात मांस म्हणजे मुख्यतः कोंबडी आणि मासे, त्यामुळे आपल्याला "गुरापेक्षा बरा" याचा उपयोग कमी, आपल्याला कोंबडीशी तुलना करायला पाहिजे.

आणि ही तुलना खरंच कोणीतरी केली. 2015 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोघांनी रातकिडे वेगवेगळ्या खाद्यावर वाढवून बघितले, एका गटाला चांगलं पोल्ट्री फीड, दुसऱ्याला दुकानातल्या उरलेल्या अन्नावर प्रक्रिया करून, तिसऱ्याला शहरातला अन्नकचरा जवळजवळ तसाच, आणखी एकाला पिकाचा उरलासुरला काड-कचरा. पोल्ट्री फीडवर रातकिडे छान वाढले, पण खाद्यातल्या प्रोटीनचं शरीरातलं प्रोटीन करण्यात ते कोंबडीपेक्षा थोडेसेच पुढे निघाले. आणि साध्या कचऱ्यावरचे? 99 टक्क्यांहून जास्त रातकिडे काढणीच्या आकाराला यायच्या आधीच मेले.

हा निकाल वाचून मला आधी वाईट वाटलं, मग वाटलं यात नवल काय. जो शेतकरी जनावर पाळतो त्याला हे माहीतच असतं, चारा निकस तर दूध कसं येईल. अळीला निकस, ओला पाला टाकला तर कोष पातळ निघतो हे माझा भाऊ डोळे झाकून सांगेल. रातकिडा हेही जनावरच आहे, त्याला प्रोटीन पाहिजे तेव्हा तो प्रोटीन देतो. कचऱ्याचं सोनं रातकिडा करत नाही.

मग कचरा खाणारा किडा कुठला? तो आहे, आणि तुमच्यापैकी ज्यांनी घरी ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट केलंय त्यांनी तो बघितलाही असेल. डबा उघडला की आत करड्या-तपकिरी, चपट्या, जाडजूड अळ्या वळवळताना दिसतात आणि माणूस घाबरून सगळं फेकून देतो. फेकू नका, बहुतेक वेळा त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. मूळची अमेरिका खंडातली, आता जगभर उबदार देशांत पसरलेली. तिची मोठी झालेली माशी गांधीलमाशीसारखी दिसते पण चावत नाही, डंख नाही, घरमाशीसारखी आपल्या ताटावर बसत नाही, तिला खायची गरजच नसते, अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडा-दोन आठवडे जगते, जोडी जमवते, एका वेळी पाचशे ते नऊशे अंडी घालते आणि मरते. खाणं सगळं अळीच्या काळात. भाजीचा, फळांचा, भाताचा, सडका कसलाही ओला कचरा, दोन-तीन आठवडे नुसतं खात सुटते. आणि वाढ पूर्ण झाली की काळी पडते आणि स्वतःहून ओल्या ढिगातून वर चढून कोरडी जागा शोधायला निघते, म्हणून पाळणारे भांड्याला तिरका उतार करून ठेवतात, अळ्या आपोआप चढून पलीकडच्या डब्यात पडतात. सुकवलेल्या अळीत साधारण 40 टक्के प्रोटीन आणि 30 टक्क्यांच्या आसपास चरबी, खाद्यानुसार कमी-जास्त. खाली उरतं ते खत.

ही अळी आपण खायची नाही, कोंबडीला आणि माशाला खायला घालायची. आणि मला विचाराल तर खरा फरक इथे पडू शकतो. 2020 मध्ये जगात जेवढी मच्छी धरली आणि पाळली गेली त्यातली 1.6 कोटी टन माणसाच्या ताटात न जाता फिशमील आणि फिश ऑइल करायला गेली. आपल्या किनाऱ्यावरही हेच आहे, रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत फिशमीलचे कारखाने आहेत, तिथे तारली जाते, बारीक पिल्लं जातात, जी अजून वर्षभर समुद्रात राहिली असती तर कोणाच्या तरी जाळ्यात चांगल्या भावाने आली असती. कोळंबीच्या तलावात घालायला समुद्रातली मासळी दळायची, हे चक्र कुठेतरी तुटायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि अळी ते तोडू शकते.

मग एवढं सगळं चांगलं असताना युरोपातल्या कंपन्या का बुडाल्या? फ्रान्समध्ये यन्सेक्ट नावाची कंपनी होती, 2011 ला सुरू झालेली, मीलवर्म पाळायची. मीलवर्म म्हणजे धान्यात, पिठात पडणाऱ्या एका काळ्या भुंग्याची पिवळी अळी. गुंतवणूकदारांनी हिच्यात सुमारे 60 कोटी डॉलर घातले, आमियां शहराजवळ उंचच उंच, रोबोटवर चालणारा कारखाना बांधला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीला देणेकऱ्यांपासून कोर्टाचं संरक्षण मागावं लागलं, पुढे ती सावरली नाही.

यात ते दोन्ही प्रश्न परत येतात. पहिला ऊब. या किड्यांना 27-30 डिग्रीच्या आसपास तापमान लागतं. इसानमध्ये, किंवा आपल्या कोकणात, हे फुकट मिळतं. उत्तर फ्रान्सच्या हिवाळ्यात ते विजेने किंवा गॅसने द्यावं लागतं. "थंड रक्ताचा आहे म्हणून ऊर्जा वाचते" हे वाक्य तिथे उलटं होतं, किडा स्वतःचं अंग गरम करत नाही म्हणून तुम्हाला अख्खी इमारत गरम करावी लागते.

दुसरा खाद्य. युरोपात गाईंच्या मॅड काऊ रोगानंतर जनावराला काय खायला घालायचं याचे कायदे फार कडक झाले, आणि कायद्याने पाळलेला किडा हाही पाळीव जनावरच. म्हणजे हॉटेलातलं खरकटं, शेण, मांसाचं उरलंसुरलं हे त्याला घालता येत नाही. मग उरतं काय, गव्हाचा कोंडा, बिअर कारखान्याचा चोथा, जे तिथल्या गाई-डुकरं आधीपासून खातातच आणि ज्याला आधीपासून भाव आहे. चांगलं खाद्य विकत घ्यायचं, ते किड्याला घालायचं, किडा मारून वाळवून दळायचा, आणि ते पीठ कोंबडीला घालायचं, मधे एक जास्तीचा टप्पा, प्रत्येक टप्प्यात गळती. त्यापेक्षा कोंडा सरळ कोंबडीलाच का नाही? त्यामुळे किड्याचं पीठ सोयापेंड आणि फिशमीलपेक्षा कितीतरी महाग पडतं, आणि गिऱ्हाईक कोण, तर कुत्र्या-मांजरांच्या महागड्या खाद्याच्या कंपन्या. कायद्याचा हेतू वाईट नाहीये, सडक्या मांसातून रोग पसरू नये हे बरोबरच आहे, पण ज्या कारणासाठी किडा पाळायचा, म्हणजे वाया जाणारं अन्न वापरायचं, तेच कारण त्यातून निघून जातं.

माणसाच्या खाण्यासाठी युरोपने दारं हळूहळू उघडली. 2021 मध्ये वाळवलेला मीलवर्म पहिल्यांदा मंजूर झाला, मग टोळ, 2022 मध्ये घरगुती रातकिडा. सिंगापूरने जुलै 2024 मध्ये एकदम 16 जातींना परवानगी दिली. थायलंडने 2017 मध्येच रातकिड्याच्या शेतीसाठी सरकारी मानक काढलं, शेड कसं असावं, खाद्य कसं, पाणी कसं, कारण बाहेर माल पाठवायचा तर कागद लागतात.

अॅलर्जीबद्दल मात्र हळू वाचा. माझ्या आत्याला कोळंबी चालत नाही, एकदा लग्नात चुकून रस्सा पोटात गेला तर ओठ सुजून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. कोळंबीची अॅलर्जी ज्या प्रोटीनमुळे बऱ्याच जणांना होते, ट्रोपोमायोसिन म्हणतात त्याला, ते रातकिड्यात आणि मीलवर्ममध्येही जवळजवळ तसंच असतं, वर सांगितलं ना एकाच कुळातले. म्हणजे ज्याला कोळंबी-खेकडा चालत नाही त्याने किड्याची पावडर असलेला प्रोटीन बार चाखूनसुद्धा बघू नये. युरोपात पाकिटावर तसं छापावंच लागतं. तळल्याने, उकळल्याने हे प्रोटीन जात नाही. जंतू मात्र उकळल्याने बऱ्यापैकी मरतात, म्हणून किडा खाण्याआधी उकळणं ही पायरी सोडू नये.

आणि पाकिटावरचा प्रोटीनचा आकडा. लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. पण किड्याच्या कवचातल्या कायटीनमध्येही नायट्रोजन असतो आणि तो आपल्याला प्रोटीन म्हणून मिळत नाही. त्यामुळे आकडा फुगतो. 2017 मध्ये वाखेनिंगेनच्या संशोधकांनी मीलवर्म आणि सोल्जर फ्लायच्या अळ्यांसाठी 6.25 ऐवजी 4.76 ने गुणा असं सुचवलं. म्हणजे कुठल्या पाकिटावर मीलवर्मचं 60 टक्के प्रोटीन लिहिलं असेल तर खरं 45-46 च्या आसपास धरा. तरी ते डाळीच्या दुपटीजवळ आहे, त्यामुळे खोटं काही नाही, पण विकणाऱ्याने हे सांगितलं पाहिजे.

रोगाचंही तसंच. दाटीने एकच जात पाळली की रोग येणारच, कोंबडीत येतो, कोळंबीत येतो. घरगुती रातकिड्याला एक विषाणू लागतो, माणसाला त्याचा काही त्रास नाही, पण 2002 नंतर युरोपात आणि 2009-10 मध्ये अमेरिकेत त्याने रातकिड्यांची फार्मच्या फार्म रिकामी केली, काही लोकांनी धंदा बंद केला, काही दुसऱ्या जातीच्या रातकिड्याकडे वळले. माझ्या भावाची एक बॅच ग्रासरीने, म्हणजे रेशीम अळीच्या विषाणूच्या रोगाने, गेली होती, अळ्या पिवळ्या पडून रॅकच्या कडेला लोंबायला लागल्या, चार दिवसांत सगळं संपलं, चुना आणि ब्लिचिंग मारून शेड धुऊन परत उभं राहायला दोन महिने गेले. त्यामुळे "45 दिवसांत पैसे" असं कोणी तुम्हाला सांगून रातकिड्याची किंवा माशीची अंडी विकायला आलं तर आधी विचारा की विकत कोण घेणार आहे, कुठल्या भावाने, आणि रोग आला तर काय. ससे, इमू, कडकनाथ, आपल्या शेतकऱ्याने हे सगळं भोगून झालंय, आणि इमूची रिकामी जाळी अजून गावोगावी उभी आहेत.

आपल्याकडे मला दोन ठिकाणी हे जुळताना दिसतं. एक म्हणजे भाजी मंडईचा कचरा, कुठलीही बाजार समिती घ्या, पहाटे लिलाव झाल्यावर कोबीची पानं, सडके टोमॅटो, कांद्याचा पाला यांचे ढीग. ते एका जागी मिळतात, वाहतूक नाही, प्लास्टिक वेगळं करणं घरच्या कचऱ्यापेक्षा सोपं, आणि ऊब वर्षातले आठ-नऊ महिने फुकट. तिथे सोल्जर फ्लाय बसवली तर अळी शेजारच्या पोल्ट्रीला आणि खत परत शेतात. नुसत्या पाल्यात प्रोटीन कमी म्हणून अळी हळू वाढेल, त्यात थोडी पेंड किंवा डाळमिलचा चुरा मिसळावा लागेल, हे आधीच सांगतो.

दुसरं ते भावाच्या शेडमधलं, म्हणजे किडे आधीच आहेत. तुती आधीच लावलीय, अळी आधीच वाढलीय, सगळा खर्च धाग्याच्या नावावर पडलाय, त्यामुळे उरलेला प्युपा हा खऱ्या अर्थाने वरकड. कोरियात तो उकडून कागदाच्या कपात विकतात, बंडेगी म्हणतात. बंगळुरूची लूपवर्म नावाची कंपनी रेशमाच्या प्युपापासून जनावरांच्या खाद्यासाठी प्रोटीन काढते. कर्नाटकात कोष ओढायचे धंदे जुने आणि एका ठिकाणी, म्हणून तिथे प्युपा गोळा करणं सोपं. मराठवाड्यातले कोषही आधी बरेचसे तिकडच्या रामनगरमच्या कोष बाजाराला जायचे, रात्रभर गाडीने. 2018 ला जालन्यात कोष बाजार सुरू झाला तेव्हापासून हळूहळू माल इथेच थांबायला लागलाय आणि धागा काढणारी युनिटंही आली, म्हणजे प्युपाही आता इथेच पडतोय.

अडचण आहे ती चरबीची. वाळलेल्या प्युपात 30 टक्क्यांच्या आसपास तेल असतं, कोष उकळून निघालेला ओला प्युपा उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच वास मारायला लागतो, तेल खवट होतं आणि मग पोल्ट्रीवाला हात लावत नाही. त्याला त्याच दिवशी वाळवावं लागतं, आणि जमलं तर तेल काढून घ्यावं लागतं, मग पेंड महिनोन्महिने टिकते आणि तेलही विकता येतं. म्हणजे एका युनिटला ड्रायर परवडत नाही पण सात-आठ युनिटं मिळून एक ड्रायर आणि एक छोटा घाणा घेऊ शकतात, गटाने हळद शिजवायचा कुकर घेतात तसंच. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला बघू, आधी त्या युनिटवाल्याला विचारतो तो प्युपा कोणाला देतो आणि किती वाजता काढतो. त्याची पुढची बॅच आता चौथ्या मोल्टला, म्हणजे शेवटची कात टाकायला बसलीय, आठ-दहा दिवसांत चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर चढेल, मग कोष तयार झाले की ते घेऊन आम्ही दोघं जाणार आहोत.